मिठाला जागून

शाळेचं दार पुन्हा अडकायला लागलं.
दर सप्टेंबरला पाविआ रंधा घेऊन येतो,
खालची कड तासतो,
कुरळ्या ढलप्या बुटाने बाजूला सारतो.
दार वाढत नाहीये, म्हणतो,
घर बसतंय.

हे तो म्हणाला तेव्हा
आमची यंत्रं अजून बोटीतून उतरायची होती.

ग्रीनलंडचं हे गाव, एकशे चाळीस माणसं,
कुत्री त्याहून जास्त.
खडकावरची घरं ताठ.
चिकणमातीवरची तेवढी एका खांद्याने कललेली,
खालून कुणी हळू आवाजात काही सांगावं
आणि ऐकू येऊ नये, तशी.

आम्ही पाच जण, चार पासपोर्ट.
पाविआ आणि टोर्बेन यांचा एकच,
त्याबद्दल जेवताना कुणी बोलत नसे.
भाषा इंग्रजी : कुणाचीच नव्हे,
सगळ्यांनी मिळून मोडलेली.

पहिले दोन मीटर गोडे.
वितळत्या बर्फाने पिढ्यान् पिढ्या धुतलेले,
ड्रिलच्या पात्याला दाद न देणारे.
सहा मीटरवर मात्र
राखाडी, गुळगुळीत, उणे अडीच अंश.
तापमापक म्हणत होता, गोठलंय.
झोया अर्काद्येव्ह्नाने हातमोजा काढला,
मातीच्या त्या दंडगोलावर अंगठा दाबला.
अंगठा आत गेला.

इथे समुद्र होता.
हिमनदीचं ओझं उतरलं तशी जमीन
पाठ दुखणाऱ्या माणसासारखी सावकाश वर आली.
पाणी ओसरलं. मीठ राहिलं कणाकणांत,
आणि मीठ पाण्याला झोपू देत नाही.
आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात,
मी सांगायला गेले,
तर इंग्रजीत नुसता प्रामाणिकपणा उरला,
जागणं वाटेत कुठेतरी सांडलं.
तोमोहिसाने वहीत लिहिलं :
न गोठलेलं पाणी, चाळीस टक्के.
मला वाटतं, त्याला कळलं होतं.

शाळेत रांधणारी बेनेडिक्टे कॉफी घेऊन आली.
टोर्बेन थांबा म्हणेपर्यंत
तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवलीही.
डोळे बारीक केले, आमटीत मीठ पाहावं तसे.
"समुद्रच की," म्हणाली,
"गेला कुठे होता? आडवा झालाय नुसता."
हे वाक्य आमच्या अहवालात नाही.
असायला हवं होतं.

त्या तक्त्यात झोयाच्या यामालच्या विहिरी होत्या,
एकाच समुद्राच्या दोन काठांसारखे
शेजारी शेजारी दोन रकाने.
मग एका फेब्रुवारीनंतर
करार कपाटात गेले, पत्ते बदलले.
बंदी विज्ञानावर नव्हती म्हणे,
फक्त माणसांवर होती.
तिचा शेवटचा निरोप आला, वर नमस्कारही नाही :
विहीर चौदा, दहा मीटर, उणे तीन पूर्णांक एक.
तब्येत ठीक.

तेव्हापासून तो रकाना कोरा आहे.
नवीन मुलं विचारतात, हा काढून टाकू का,
पान आटोपशीर होईल.
टोर्बेन काही बोलत नाही,
फक्त मधली रेघ पुन्हा आखतो.

तिच्या अंगठ्याचा ठसा फ्रीझरमध्ये आहे,
पेटी क्रमांक अकरा, खालचा कप्पा.
वर्षातून एकदा मी झाकण उघडते.
रेषा तशाच, एका बाजूला बारीकसा व्रण,
कांदा चिरताना कापलं होतं म्हणाली होती.
आता दगडासारखा कडक झालाय.
तरी उणे वीसलासुद्धा, तोमोहिसा सांगतो,
थोडं पाणी जागंच असतं.

या सप्टेंबरला पाविआने ढलप्या झाडता झाडता विचारलं,
ती अंगठेवाली नाही आली?
मी म्हटलं, जागा ठेवलीय.
त्याने रंधा पिशवीत टाकला, दार ढकलून पाहिलं.
लागलं.
या वर्षापुरतं, म्हणाला.